वर्कशॉपला २५ वर्षं होतायत : पाचशे झाडं लावू की दुसरं काही करू?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी.

येत्या दसऱ्याला आमच्या वर्कशॉपला २५ वर्षं पूर्ण होतील. कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीनिंग युनिट आहे. ३२ माणसं, दोन पाळ्या. पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येतात, ती आम्ही मशीन करून देतो. भागीदार म्हणजे माझा मावसभाऊ. त्याचं म्हणणं, सत्कार-जेवणावळी नकोत, दोन लाख बाजूला काढू आणि आटपाडीकडं त्याच्या गावच्या माळावर कामगारांच्या हातानं पाचशे झाडं लावू. तो हे मनापासून म्हणतोय.

माझं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. आमच्या जिन्याच्या अकराव्या पायरीवर चिखलाची रेघ अजून आहे. नंतर घराला रंग दिला तेव्हा आईनं तेवढी पट्टी सोडायला लावली. २०२१ ला पुन्हा सामान माळ्यावर चढवलं. आणि त्याच जिल्ह्यात मावसभावाच्या गावानं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलीय.

म्हणून विचारतो. धंदा म्हणून आपण या हवामानासाठी, निसर्गासाठी खरोखर उपयोगाचं काय करू शकतो? दोन लाख नक्की आहेत. झाडांनाच लावू की आणखी काही सुचतंय?

सदाशिव_मिरज

आधी अभिनंदन! २५ वर्षं धंदा टिकवणं सोपं नाही. झाडं लावाच, पण वड, पिंपळ, लिंब, करंज असली देशी. आणि तीन वर्षं पाणी घालायला माणूस नेमा. खड्डे खणून फोटो काढणारे पुष्कळ बघितले, दुसऱ्या वर्षी खड्डेच उरतात.

माळटिटवी

कुपवाडकरदादा, तुमची तळमळ पोचली. तरीही माळावर झाडं लावू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

आटपाडी, जत, माण, खटाव इकडचा माळ उजाड दिसतो, पण तो तोडलेलं जंगल नाही. तो गवताळ माळच आहे. इथं पाऊस कमी आणि माती उथळ. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं इथं शतकानुशतकं आहेत. त्यांच्यावर लांडगा जगतो, चंडोल नि धाविक हे पक्षी जगतात, आणि धनगरांची मेंढरंही. माळटिटवी उघड्या जमिनीवर चार खड्यांच्या मधे अंडी घालते, म्हणून तर मी हे नाव घेतलंय. तिथं रांगेनं गिरिपुष्प लावलं की सावलीत गवत मरतं, मेंढपाळाचा रस्ता बंद होतो आणि टिटवी निघून जाते. गवत आपला बराचसा कार्बन मुळांत, जमिनीखाली साठवतं. वरून काहीच दिसत नाही, त्यामुळं त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

झाडंच लावायची तर बांधावर, ओढ्याकाठी किंवा गावठाणात लावा. त्याआधी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का विचारा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि प्रत्येक गावात ही समिती असायला हवी. गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार असेल तर माळावर काय राहतं ते त्यात सापडेल.

बाळासो_खानापूर

ताई, तुमचा अभ्यास असंल, पण मला पटत नाही. आमच्या लहानपणापासनं ह्यो माळ पडीकच. नुसता दगड. तिथं झाड आलं तर सावली तरी पडंल. सागरेश्वर बघा की! उघडाबोडका डोंगर होता, आज जंगल आहे.

माळटिटवी

बाळासाहेब, सागरेश्वरचं उदाहरण चांगलं काढलंत. धों. म. मोहिते अण्णांनी तिथं एका दिवसात झाडं लावून फोटो काढला नाही. त्यांनी आयुष्य घातलं. राखण केली, चराई थांबवली, पाणी अडवलं, लोकांना बरोबर घेतलं. साधारण ११ चौरस किलोमीटरच्या त्या डोंगराला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाचशे खड्ड्यांच्या एका रविवारी ते होत नाही. शिवाय तो डोंगर आहे, उथळ मातीचा सपाट माळ नाही. आणि "पडीक" हा शब्द महसूल खात्याचा, लांडग्याचा नव्हे.

बाळासो_खानापूर

हे शेवटचं वाक्य आवडलं. लांडगा मी स्वतः बघितलाय, बाणूरगडाच्या वाटंवर. विचार करतो.

पाना_पक्कड

सगळ्यांचं वाचलं. मी पंचवीसेक वर्षं मेंटेनन्समध्ये आहे, आधी साताऱ्यात आणि आता मिरजेत. कुपवाडकरसाहेब, माझा सरळ प्रश्न : तुमचा कॉम्प्रेसर किती एचपीचा आहे?

दोन पाळ्यांचं मशीनिंग म्हणजे हवेची लाईन असणारच, आणि ती गळत असणारच. बहुतेक कारखान्यांत २० ते ३० टक्के हवा अशीच वाया जाते. कुणी बघत नाही, कारण हवा सांडलेली दिसत नाही. तेल सांडलं असतं तर मालकानं आरडाओरडा केला असता.

एक चाचणी सांगतो. तिला कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त मोबाईलचं घड्याळ. रविवारी सगळ्या मशिनी बंद ठेवा आणि एकटा कॉम्प्रेसर चालू करा. कुणी हवा वापरत नाही म्हणजे प्रेशर भरलं की त्यानं अनलोड होऊन, म्हणजे हवा भरणं थांबवून, गप्प बसायला पाहिजे. तो परत लोड झाला, म्हणजे हवा भरायला लागला, तर ती हवा भोकांतून गेली. लोडवर किती वेळ राहतो नि अनलोडवर किती, पाचसहा वेळा मोजा. लोडच्या वेळाला दोन्हींच्या बेरजेनं भागा आणि शंभरनं गुणा, की गळतीची टक्केवारी आली. मग साबणाचं पाणी घेऊन लाईनवरनं फिरा. जॉइंट, प्लास्टिकचे पीयू पाइप, एफआरएल (हवा गाळायचं नि प्रेशर ठरवायचं युनिट), साचलेलं पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह. बुडबुडा आला की खडूनं गोल करा.

आणि प्रेशर किती ठेवलंय तेही बघा. एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. आमच्याकडं "जरा जास्तच असूदे" म्हणून कुणीतरी साडेसात बारला लावून ठेवतो नि तसंच वर्षानुवर्षं चालतं.

सौरऊर्जा_कऱ्हाड

दोन लाखांत छपरावर ३-४ किलोवॅट सोलर बसेल. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. नेट मीटरिंग (जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वळती करणं) करून घ्या. २५ वर्षांची आठवण म्हणून छपरावर कायम राहील.

पाना_पक्कड

सोलर चांगलंच आहे, पण गळक्या बादलीत नवा नळ सोडू नका. चार किलोवॅटचे वर्षाला पाच-सहा हजार युनिट होतील. तीस एचपीचा कॉम्प्रेसर गळत असेल तर त्याच्या तिप्पट युनिट हवेत चाललेत. आधी भोकं बुजवा. त्यातनं वाचलेल्या पैशातनं सोलर घ्या.

डोहाकाठचा

क्षमा करा, पण मला राग येतोय आणि तो लपवणार नाही. इथं छोट्या वर्कशॉपनं हवेची गळती मोजायची, आणि नदीत मळीचं पाणी सोडणारे मोठे मोकळे? काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या डोहात मेलेल्या माशांचा खच पडला होता. वाम, मरळ, खवल्या, सगळे पांढरं पोट वर करून. मी पहाटे पोहायला जातो. त्या दिवशी पाण्याला गोडसर कुजका वास होता आणि जिवंत मासे काठाला येऊन तोंड उघडंबंद करत होते. पोरांनी ते हातानं धरून बादलीत टाकले, स्वच्छ पाण्यात जगतील म्हणून. एकही जगला नाही. तक्रार दिली, नमुने घेतले, पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

शेतकी_विभाग

डोहाकाठचे दादा, मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचा राग रास्त आहे. मासे का मरतात ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे काळं पाणी उरतं, त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एका लिटर अल्कोहोलमागं ते ८ ते १५ लिटर निघतं. त्यातला सेंद्रिय माल इतका असतो की बीओडी (तो माल कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप) लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३०. हे पाणी डोहात मिसळलं की जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा पाण्यात असून गुदमरतो. उन्हाळ्यात धार बारीक असते, म्हणून तेव्हाच हे जास्त घडतं.

याला उपाय नाही असं मुळीच नाही. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करता येतं, नदीत थेंब न सोडता डिस्टिलरी चालवता येते. नियमही तोच आहे. आणि उसात ७० टक्के पाणीच असतं. रस आटवताना निघालेली वाफ थंड करून वापरली तर गाळपाच्या हंगामात कारखान्याला नदीतून फार थोडं पाणी उचलावं लागतं. बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफ आणि वीज तर आपण करतोच. हे सगळं करणारे कारखाने आहेत. न करणाऱ्याला सभासदानं वार्षिक सभेत उभं राहून विचारलं पाहिजे. सहकारी कारखान्यात तुम्ही-मीच मालक आहोत. सभेत आपण दराचं विचारतो आणि पाण्याचं विचारायचं विसरतो.

पाचटाचंही तेच. एका हेक्टरातनं ८-१० टन पाचट (उसाचा वाळला पाला) निघतं. काडी लावली की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं, शेजारच्याचा बांधही पेटतो. सरीत पसरलं तर ओल टिकते, एखादी पाण्याची पाळी वाचते. माझ्या गटात पहिल्या वर्षी चारच शेतकरी तयार झाले. त्यांचा खोडवा बघून पुढं इतरांनी ऐकलं. ऊस घेणाऱ्या कारखान्यानं पाचट कुट्टीचं यंत्र गटाला फिरवून दिलं तर काडी लावायची वेळच येत नाही.

डोहाकाठचा

काका, मी सभासद आहे. वीस वर्षांत पाण्याचा प्रश्न एकदाही विचारला नाही, हे खरंय. यंदा लेखी देतो.

भट्टी_नंबर_दोन

मी फौंड्रीत आहे. आमच्याकडं गेल्या दोन वर्षांत मोठ्या ग्राहकांकडून प्रश्नावली येते : किती वीज, किती डिझेल, किती वाळू फेकली. बाजारातल्या मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) २०२२-२३ पासून पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यामुळं त्या आता पुरवठादारांना विचारतात. युरोपनंही १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनची आकारणी सुरू केलीय. कुपवाडकर, तुम्हालाही आज ना उद्या विचारतील. वहीत आत्तापासून लिहायला लागा.

आमचा अनुभव सांगतो. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास वीज लागते. पण ओतलेल्या सगळ्याचं कास्टिंग होत नाही. रनर-रायझर (साच्यात लोखंड नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड) तोडून परत भट्टीत जातं. आमचं यील्ड ६० टक्के होतं, म्हणजे एक टन चांगल्या मालासाठी १००० युनिट. पॅटर्नवाल्याबरोबर बसून रायझर लहान केले, ६५ वर आलो, तर ९२३. एका टनामागं ७७ युनिट, तेही नवीन काहीही न घेता. भट्टीचं झाकण उघडं ठेवायची सवय मोडायला मात्र यील्डपेक्षा जास्त दिवस लागले! जळकी वाळू आम्ही पूर्वी ओढ्याकडच्या खड्ड्यात टाकायचो. मला त्याची लाज वाटते. आता बरीचशी साफ करून पुन्हा वापरतो, उरलेली पेव्हर ब्लॉकवाल्याकडं जाते.

वेण्णामाई

महाबळेश्वरहून. आमचं २२ खोल्यांचं हॉटेल आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणून बांधकामावर बंधनं आहेत. पण कचऱ्याला कोण बंधन घालणार? हंगामात दिवसाला शंभरावर प्लास्टिकच्या बाटल्या एकट्या आमच्याकडून जायच्या. सासूबाईंनी एक दिवस त्या सगळ्या अंगणात रचल्या आणि आम्हाला बोलावून दाखवल्या. त्या आठवड्यात काचेच्या बाटल्या आणि फिल्टर घेतला. पाहुणे आधी कुरकुरले, आता कुणी विचारतही नाही.

इथली दुसरी गोष्ट मल्चिंग पेपर. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर काळं-चंदेरी प्लास्टिक असतं. हंगाम संपला की ते फाटकं, मातीनं भरलेलं, कुठं टाकायचं हा प्रश्न. मग बांधावर जाळतात आणि सगळ्या खोऱ्यात वास येतो. जॅम-सरबतवाले स्ट्रॉबेरी विकत घेताना गोडी बघतात, आकार बघतात. त्यांनीच "वापरलेला पेपर परत द्या, आम्ही उचलतो" असं म्हटलं तर एका हंगामात फरक पडेल. फळ ज्यांच्या दारात पोचतं, त्यांची गाडी रिकामी परत जाते.

पाटणचा_सडा

वेण्णामाई, शेवटचं वाक्य मनाला लागलं.

मी पाटणकडचा. आमच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो, ती वीज कोळशाशिवाय होते. पण त्यांच्यासाठी सड्यावर रस्ते कापले गेले. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ आणि वर बोटभर माती. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं म्हणून ते सगळ्यांना माहीत. बाकीच्या सड्यांना कुणी विचारत नाही. कापलेला कातळ पुन्हा भरून येत नाही. हरित वीज घेणाऱ्या कंपन्यांनी एवढं तरी विचारावं की चक्की कुठं उभी आहे, रस्ता कुठून नेला.

बेदाणा_तासगाव

आमच्या धंद्याचं थोडं. बेदाणा सुकवायला आम्हाला वीज लागत नाही, शेडवर वारा सुकवतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आला की रॅकवरचा माल काळा पडतो. त्यामुळं हवामान बदललं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. वीज जाते ती कोल्ड स्टोरेजला. तिथं अमोनिया असतो. त्याचा तापमानवाढीवर परिणाम नाही, ही जमेची बाजू. पण दार उघडं टाकून हमाल खोकी लावत बसले की सगळं मुसळ केरात. दाराला पट्ट्यांचा पडदा लावला आणि गाडी आल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम केला. एवढंच केलं, पण बिलात दिसलं.

तंबोरा

मिरजेच्या तंबोऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतातून येतो. वेलीवर पूर्ण वाळावा लागतो. नको तेव्हा पाऊस झाला की आतून कुजतो, वरून कळत नाही. वडील टिचकी मारून आवाज ऐकतात आणि बाजूला ठेवतात. पूर्वी शंभरात काही थोडे बाजूला पडायचे, आता ढीग पडतो. २०२४ मध्ये आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण भोपळा पिकवणारा शेतकरी टिकला तरच ते कामाला येईल. म्हणून आम्ही चार कारागिरांनी मिळून त्याला पेरणीआधीच भाव बांधून द्यायचं ठरवलंय. निसर्गासाठी काय करावं याचं आमच्यापुरतं उत्तर हेच.

सदाशिव_मिरज

तंबोराभाऊ, भोपळ्यावर टिचकी मारणारे तुमचे वडील बघायला एकदा यायचंय. येताना भडंग आणतो.

तंबोरा

जरूर या काका. भडंग मात्र दुकानाबाहेर खाऊ, तेलाचा हात लाकडाला चालत नाही. :)

कुपवाडकर

मंडळी, तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण काम चालू होतं.

पाना_पक्कड दादांनी सांगितलं तसं रविवारी केलं. आमचा कॉम्प्रेसर ३० एचपी, म्हणजे २२ किलोवॅट. सगळं बंद ठेवून मी आणि मावसभाऊ स्टुलावर बसलो. लोड १ मिनिट ५० सेकंद, अनलोड ३ मिनिट ४०. सहा वेळा मोजलं, तेच. ३३ टक्के! शेडमध्ये शांतता होती तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमचा कारखाना फुसफुसतोय.

एकूण १९ ठिकाणी खडूचे गोल झाले. सगळ्यात मोठं भोक चार नंबरच्या सीएनसी मशीनमागं, एक ड्रेन व्हॉल्व्ह कुणीतरी तारेनं अर्धा उघडा बांधून ठेवलेला. तो आम्हाला सापडला नाही, झाडणाऱ्या मावशींनी दाखवला. म्हणाल्या, "तितं रोज सूंसूं वाजतंय, मला वाटलं ते तसंच असतंय." त्या आमच्याकडं नऊ वर्षं आहेत. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुरुस्तीला ११,४०० रुपये लागले. आता लोड ४० सेकंद, अनलोड ५ मिनिट २०. म्हणजे ११ टक्के. प्रेशर साडेसातवरून साडेसहावर आणलं, एकाही मशीननं तक्रार केली नाही. अनलोडलाही थोडी वीज जाते, ती वजा करून फक्त गळतीचा हिशेब वर्षाला १७ हजार युनिटच्या आसपास येतो. दर नऊ रुपये धरला तरी दीड लाख. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे १२ टन. मोठं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं असं धरलं तर हे सहाशे झाडांचं काम झालं. मावसभावानं हा हिशेब स्वतः दोनदा केला, मग बराच वेळ काही बोलला नाही.

दोन लाख तसेच आहेत. दसऱ्याला मावशींच्या हस्ते कॉम्प्रेसरची पूजा ठरलीय. माळटिटवीताई, मावसभाऊ म्हणतोय, झाडं नकोत तर नकोत, पण गावासाठी काही करायचंच आहे. समितीची नोंदवही गावात नाही, सरपंचांना विचारलं. ती करायला तुम्ही याल का?

माळटिटवी

येते. पण दसऱ्यापर्यंत थांबू नका, गवत आत्ता फुलोऱ्यावर आहे, ओळखायला हीच वेळ. पुढच्या शनिवारी सकाळी सहाला निघू. गावातल्या एका मेंढपाळ आजोबांना आधी सांगून ठेवा. गवतांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतील.

बाळासो_खानापूर

मी पण येतो. गाडी माझी. दोघं आणखी बसतील.

पाना_पक्कड

कुपवाडकर, ११ टक्के अजून जास्त आहे. दसऱ्याच्या आधी एक रविवार परत मोजा. रिसीव्हरच्या (हवेच्या टाकीच्या) खालचा ऑटो ड्रेन बघितला का?